अडतीस सह्या, कागदाच्या पाठीवर

प्रिय फुटपट्टी,

या नावानं हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ते तू ठरव. दुसऱ्या नावानं सुरुवात करून पाहिली, पण पेन पुढे सरकेना. तुझ्या सासूबाईंच्या खाटेशेजारच्या कपाटावर तुला एक चष्मा सापडला असेल. उजव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. दोरा बघून तू ओळखला असशील आणि तुझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. तो माझाच आहे. आज रविवारी दुपारी तू कपडे धुवायला नदीपलीकडे घरी गेली होतीस, तेव्हा मी इस्पितळात जाऊन आलो. तू नसशील अशीच वेळ मी निवडली होती, हेही सांगून टाकतो. तीस वर्षांत मी कुठं रुमालसुद्धा विसरलेलो नाही. आज चष्मा विसरून, दोन मजले उतरून, रस्ता ओलांडून, निम्म्या वाटेवर आल्यावर मला कळलं की समोरच्या पाट्या मला वाचता येत नाहीयेत. त्या पाट्या मीच रंगवलेल्या आहेत. हे पत्र जुन्या चष्म्यानं लिहितो आहे, म्हणून अक्षर मोठं आणि वाकडं आहे.

गुरुवारी अकरा वाजता धक्क्यावरच्या अपघाताची चौकशी आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुझ्या नवऱ्याचा लाँच चालवायचा परवाना राहतो की जातो, ते तिथं ठरणार. पण अहवालाचा मसुदा तू पाहिलेला नाहीस, मी पाहिला आहे, कारण त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला तो माझ्याकडेच आला. त्यात लिहिलं आहे की, पलीकडच्या वस्तीतल्या अडतीस लोकांनी जाहीर सुनावणीत नियम ऐकले आणि एकमतानं मान्य केले. सबब नियमाचा दोष नाही. प्रवाशांना पिवळ्या रेषेमागे थांबवणं ही चालकाची जबाबदारी होती आणि त्यानं ती पार पाडली नाही. पुरावा म्हणून अडतीस नावांची यादी जोडली आहे. अक्षर माझं. खाली शिक्का ‘सत्यप्रत’. तोही माझ्याच हातानं मारलेला. मी त्या मसुद्यात तीन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली आणि परत पाठवला. शुक्रवारची गोष्ट. शुक्रवारी मला रात्री शांत झोप लागली होती.

त्या मंगळवारचं तुला काय सांगू. तू तर धक्क्यावरच होतीस. मी दुपारी पोहोचलो, मोजमापं घ्यायला. सकाळी सात वीसला धुकं होतं, हाताचं बोट दिसत नव्हतं, असं सगळ्यांनी सांगितलं. विहीणबाईंचं पाऊल लाँचवर पडायच्या ऐवजी धक्का आणि लाँच यांच्या मधल्या फटीत गेलं. पुढच्याच क्षणी लाँच परत धक्क्याला टेकली. ती फट मी मोजली. साडेअकरा इंच. मग मी वाकून पिवळी रेषा तपासली. रुंदी चार इंच, रंग कुठंही उडालेला नाही, कड सरळ. आणि फुटपट्टी, मला हायसं वाटलं. एका बाईचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे, तिच्याच मुलाच्या लाँचखाली, आणि मी रेषेची कड बघून मनात म्हणतो आहे, चला, आपलं काम चोख आहे. तिथल्या खांबाला एक लोखंडी कडी दिसली. आतल्या बाजूनं घासून घासून आरशासारखी झालेली. एवढी कशानं घासली असेल, असं क्षणभर मनात आलं. पण कडी मोजमापाच्या तक्त्यात बसत नव्हती, म्हणून लिहिली नाही.

तू म्हणशील, बाबांचं हे नेहमीचंच. खरं आहे. मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. बोटींवर नावं रंगवायचो. लाँच आणि धक्के सांभाळणाऱ्या खात्याच्या पाट्या रंगवता रंगवता त्यांवरचे नियम वाचायला लागलो. वाचता वाचता त्यांतल्या चुका दिसायला लागल्या. चुका दाखवता दाखवता एक दिवस साहेब म्हणाले, तूच लिही रे बाबा. पदवीवाले पोरगे आजही माझ्या टेबलाशी येऊन विचारतात की इथं स्वल्पविराम द्यायचा का. तू चार वर्षांची असताना माझी पट्टी कमरेला खोचून घरभर फिरायचीस आणि मांजराची शेपटी मोजायचीस. पट्टीला पट्टी मिळाली, असं तुझी आई म्हणायची. मग त्याच मुलीनं नदीपलीकडचा लाँचवाला निवडला आणि मी तेव्हापासून तोंड फिरवून बसलो. वेगळी भाषा, वेगळी माणसं, कागदपत्राचा गंध नाही, असं मी चारचौघांत म्हणालो. तुझ्या कानावर गेलं असणारच.

त्या नियमांतलं नववं कलम माझं आहे. ‘धक्क्यावर किंवा लाँचवर सैल दोर बांधू अगर लोंबत ठेवू नये.’ दोन वर्षांपूर्वी खालच्या धक्क्यावर एक माणूस दोरात पाय अडकून पडला, मनगट मोडलं, त्यावरून मी ते लिहिलं. लिहिताना पलीकडच्या धक्क्यावर खांबाच्या कडीपासून लाँचपर्यंत बांधलेला तुमचा हातदोर माझ्या डोळ्यांसमोर होता, हे नाकारत नाही. कंबरेएवढ्या उंचीवर लोंबकळणारा, रंग गेलेला तो दोर मला गबाळा वाटायचा. त्याच्या जागी सुबक पिवळी रेषा. मग आठ महिन्यांपूर्वी जाहीर सुनावणी ठेवली. लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय नियम लागू करायचा नाही, हाही नियमच आहे, आणि तो मी कधी मोडला नाही. आमच्या कचेरीचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. आठ रांगा, रांगेत पाच खुर्च्या. बुधवार, सकाळी अकरा. त्या वेळी तुमची बाजारातली विक्री भरात असते, हे माझ्या लक्षातही आलं नाही. दुभाषा बोलावला नाही. पलीकडचे बाजारात आपली भाषा फाडफाड बोलतात, मग कशाला, असं मी टिपणात लिहिलं. सगळे नियम मी स्वतः वाचून दाखवले, स्वच्छ उच्चारात. मग तीनदा विचारलं, कुणाची हरकत आहे का? तिसऱ्यांदा विचारल्यावर घड्याळ लावून दोन मिनिटं थांबलो. कुणी हूं की चूं केलं नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘हरकती : निरंक.’ माझी ती सतरावी सुनावणी, आणि सतराव्यांदा निरंक. मला त्याचा अभिमान होता गं. इतकं नेमकं लिहितो की कुणाला बोट ठेवायला जागा नाही, असं मी समजत होतो.

मग सह्यांचा कागद फिरवला. वर माझ्या अक्षरात ‘वरील नियम ऐकले व मान्य आहेत’, खाली आखलेल्या ओळी, अनुक्रमांक. कागद परत आला तर पुढची बाजू कोरी आणि सगळ्या सह्या, सगळे अंगठे मागच्या बाजूला. वेडेवाकडे, ना ओळ ना क्रम. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिपायाला म्हणालो, ‘अरे, या लोकांना कागदाची पुढची बाजूसुद्धा कळत नाही, आणि हे लाँच चालवतात!’ तो हसला, मीही हसलो. तू तेव्हा दारात होतीस. आणि मग तू परत फिरून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिलीस. तीन वर्षांनी पहिल्यांदा एवढ्या जवळ. मी मान वर न करता म्हणालो, ‘काही म्हणणं असल्यास लेखी द्यावे.’ मुलीला ‘द्यावे’ म्हणालो. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो दोऱ्यानं बांधलेला होता, एवढं मला दिसलं, कारण मी खालीच बघत होतो. मग चपला निघून गेल्या. संध्याकाळी त्या कागदावर तुझी सही सापडली, वरून मोजत आलं तर सातवी, तीही मागच्याच बाजूला. मला वाटलं, शिकली-सवरलेली माझी मुलगी मुद्दाम मला डिवचायला उलटी सही करते. रागाच्या भरात घरी बसून मी नवा कागद आखला, अडतीस नावं क्रमानं लावली, आडनावांचे उकार-वेलांट्यासुद्धा नीट केल्या, आणि ती प्रत वर पाठवली. त्यात एक नावही खोटं नव्हतं, म्हणून मला ते खोटं वाटलंच नाही.

आता आजची दुपार. मी इस्पितळात गेलो तो माणुसकीखातर, असं मी वाटेत स्वतःला सांगत होतो. विहीणबाईंशी मी आयुष्यात एक शब्द बोललो नव्हतो. त्यांची दृष्टी अधू झाली आहे म्हणून म्हटलं, आधी ओळख द्यावी. तर मी नुसतं ‘नमस्कार’ म्हणताच सुनावणीतला आवाज ओळखून त्या म्हणाल्या, ‘ये, फुटपट्टीच्या बापा, बस.’ तुमच्याकडे सगळ्यांनाच अरे-तुरे, हे ऐकून होतो. पण हे नाव? तू ते तिकडे सांगितलंस? तिथं तुला त्या नावानं हाक मारतात? मी स्टुलावर बसलो. त्या मात्र मजेत. पायाला एवढं प्लास्टर आणि मला विचारतात, जेवलास का, आणि तुझा आवाज असा आखल्यासारखा का रे येतो? तेवढ्यात एक तरुण नर्स आली. पायावर दुसरी शस्त्रक्रिया करायची आहे, बुधवारी, त्याच्या संमतीचा कागद. तिनं तो भरभर, पण गोड आवाजात वाचून दाखवला, ‘आजी, इथं अंगठा’ म्हणाली आणि शाई लावली. विहीणबाईंनी कागद हातात घेतला. कडा चाचपल्या. मग तो सावकाश उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, अगदी मधोमध, अंगठा उमटवला.

नर्स म्हणाली, ‘अहो आजी, पुढे, पुढे! असू दे, चालेल.’ आणि तिनं कागद फाइलला लावला.

फुटपट्टी, मी त्या कागदाकडे बघतच राहिलो. मी विचारलं, विहीणबाई, मागे का? त्या सहज म्हणाल्या, जशी काही मी वेळ विचारली होती, ‘पोर गुणाची आहे रे. तिच्या घरात बसून तिच्या तोंडावर नाही कसं म्हणू? पुढे केला तर हो. मागे केला तर, आले होते, ऐकलं, पण पटलं नाही. मग त्या घरचा माणूस आमच्या दारी येऊन विचारतो, की का पटलं नाही. तेव्हा बोलायचं.’ आणि हसून पुढे म्हणाल्या, ‘तुझ्या कचेरीत आम्ही सगळ्यांनी मागे केला. वाट बघितली. तू आलाच नाहीस.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. माझ्या कानात फक्त शिपायाचं हसू वाजत होतं, आणि त्यात मिसळलेलं माझं. अडतीस माणसं बाजार बुडवून आली, दोन जिने चढली, माझ्या छताखाली माझा मान राखून मला नाही म्हणाली, आणि मी त्या नाहीचं सुवाच्य अक्षरात हो करून वर शिक्का मारला. एवढं करून त्यांना अडाणी म्हणालो.

मी विचारलं, काय पटलं नव्हतं? त्यांनी उशाशी पडलेली बँडेजची गुंडाळी उचलली, एक टोक खाटेच्या दांडीला बांधायला मला सांगितलं आणि दुसरं स्वतःच्या मुठीत धरलं. म्हणाल्या, ‘हात ठेव यावर. आता डोळे मीट.’ मी मिटले. पट्टी सैल होती. मग ती हळूहळू ताठ झाली, माझ्या तळव्याला वर उचलू लागली. ‘लाँच लांब गेली. थांब.’ पुन्हा सैल पडली. ‘जवळ आली. आता टाक पाऊल.’ तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं. डोळे मिटलेल्या, नियमांची पुस्तकं पाठ असलेल्या माणसाला अंतर कळलं, साडेअकरा इंच आहे की दोन, ते नुसत्या तळव्याला. ‘पन्नास वर्षं अशी चढले,’ त्या म्हणाल्या. ‘ताठ दोर बांधला तर तो काय सांगणार? सैल पाहिजे, तरच बोलतो.’ आणि मी लिहिलं होतं, सैल दोर बांधू नये. जावयानं नोटीस मिळाल्याच्या दिवशी तो स्वतःच्या हातानं सोडला, कारण नोटिशीखाली सासऱ्याची सही होती. हेही त्याच म्हणाल्या. धुक्यात माझी चार इंची पिवळी रेषा कुणाला दिसणार होती?

उठताना मी एक काम केलं, तेवढंच आज धड झालं. नर्सला गाठून सांगितलं की आजींनी संमती दिलेली नाही. ती आधी चिडली, मग डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी स्टूल ओढलं, विहीणबाईंचा हात हातात घेतला आणि नुसतं विचारलं, काय मनात आहे? शस्त्रक्रियेला त्यांची ना नव्हतीच. बुधवार नको होता. गुरुवारी मुलाची चौकशी आहे, त्याला आदल्या दिवशी इस्पितळात अडकवायचं नाही, एवढंच. शुक्रवार ठरला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानंतर मी तिथून निघालो, आणि चष्मा राहिला.

घरी येऊन कपाटाचा खालचा खण उघडला. मूळ कागद तिथंच होता. मी काही टाकत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, ‘कागद उलटून बघितला होतात, माणसाला विचारायला काय जात होतं? निदान मुलीला तरी.’ मग विळी बाजूला ठेवून रडली. तुझ्याकडे दर महिन्याला ती चोरून येते, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे; लाँचच्या तिकिटाचा नमुना मी काढलेला आहे, तिच्या पिशवीतले कपटे मी ओळखणार नाही का? मीच तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुझी खुशाली ऐकावी लागली असती.

आता हे पत्र का, ते. काल शनिवारी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, चौकशीच्या फाइलला मूळ कागद सापडला तर लावा, नीट करून लावा. नाही सापडला तरी हरकत नाही, सत्यप्रत आहेच. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज तोच कागद टेबलावर घेऊन बसलो, तो जसाच्या तसा गुरुवारी मांडायचा असं ठरवून. आणि थोड्या वेळानं बघतो तर माझ्या हातात पट्टी आणि पेन्सिल. मागच्या बाजूच्या अंगठ्यांना मी नंबर घालत होतो. एक, दोन, तीन, कसे ओळीत लावता येतील ते बघत. सहापर्यंत घातले होते. सातवी तुझी सही, तिथं हात थांबला. मला माझीच भीती वाटली, बाळ. माझ्याकडे हा कागद गुरुवारपर्यंत राहिला तर मी तो नीट करीन. मुद्दाम नव्हे, हात करील. म्हणून तो या पाकिटात घालतो आहे, मागे पुठ्ठा लावून, घडी न घालता. तुझी आई उद्या सकाळच्या पहिल्या लाँचनं येईल, या वेळी मला सांगून. मूळ कागद खात्याबाहेरच्या माणसाला द्यायचा नाही हा नियम आहे, मोडतो आहे. गुरुवारी तो तू घेऊन ये आणि चौकशीत मागच्या बाजूनंच मांड. सत्यप्रत खोटी आहे आणि ती मी केली, हे मी उभा राहून सांगेन. पुढे माझं काय होईल ते होवो. पण त्याच्या आधी, बुधवारी, मला तुमच्या धक्क्यावर यायचं आहे. विहीणबाईंच्या हिशेबानं मी आठ महिने उशिरा येतो आहे, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर या पत्राच्या मागे सही करून आईजवळ दे. मला आता वाचता येतं. पेन्सिलीचे ते सहा आकडे मात्र खोडू नकोस, खोडलेलं दिसतं.

तुझाच,
आणि पुढच्याच बाजूला सही करणारा,
बाबा